लॉनवरच्या लग्नाची हिरवी कमान: मापापासून दिव्यांपर्यंत

ठाण्यातलं घोडबंदर रोडवरचं लॉन घ्या, येऊरच्या पायथ्याचं घ्या, नाहीतर नवी मुंबईतलं बेलापूर-खारघरकडचं. ॲडव्हान्स भरून झाला की घरातली एखादी बहीण मोबाइल पुढे करते, "आपल्याला अशी कमान पाहिजे." फोटोत पानांनी मढवलेली कमान असते, आत बारीक पिवळे दिवे आणि खाली नवरा-नवरी शेजारी-शेजारी उभे. फोटो छानच असतो, फक्त तो आपल्या लग्नाचा नसतो. आपल्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी वधू-वर समोरासमोर असतात. मध्ये अंतरपाट, तो धरणारे दोघं, पाठीशी मामा, दिवा आणि कलश घेतलेल्या करवल्या, आणि कडेला माइक सांभाळत उभे गुरुजी. फोटोतल्या पाच फुटी कमानीत एवढी माणसं कोंबली की कमान दिसतच नाही, दिसतात फक्त पाठी.

म्हणून पाना-फुलांकडे वळण्याआधी टेप घ्या. आणि कामाचा क्रम आत्ताच ठरवून टाका: आधी सांगाडा आणि वजन, मग दिवे, मग पाला, सगळ्यात शेवटी फुलं. बहुतेक ठिकाणी हे उलट होतं. फुलं सकाळीच टोचली जातात, संध्याकाळी त्यांच्यावरून दिव्यांच्या वायरी फिरतात आणि वजनाच्या गोण्यांची आठवण पहिला वारा सुटल्यावर होते.

माप

कमानीखालीच मंगलाष्टका होणार असतील तर आतली मोकळी रुंदी आठ फुटांपेक्षा कमी नको. आठ फुटांत वधू-वर, दोघांचे पाट आणि मधला अंतरपाट आरामात बसतो; मामा लोकांनी खांबांच्या जरा मागे उभं राहायचं. त्यांनाही आत घ्यायचं असेल तर नऊ-दहा फूट धरा.

उंची साडेआठ फूट. एवढी कशाला, असं मंडपवाला म्हणेल. त्याला सांगा की नवरदेव पाटावर उभा राहणार, डोक्यावर फेटा, फेट्याला तुरा, आणि हार घालायच्या वेळी मित्र त्याला उचलणारच. वरून लोंबणारा पाला आणखी नऊ-दहा इंच खाली येतो, तोही यातून वजा होतो. कमान फक्त प्रवेशाला किंवा रिसेप्शनच्या फोटोंना असेल तर सहा-सात फूट रुंदी आणि आठ फूट उंची पुरते.

होम याच कमानीखाली आहे का, हे गुरुजींना आधीच विचारा. विवाहहोम आणि सप्तपदीसाठी वेगळा मांडव असेल तर प्रश्न नाही. इथेच असेल तर होमकुंड कमानीच्या पुढे, मोकळ्या आकाशाखाली घ्या आणि कमानीवर नेट, शिफॉन, प्लॅस्टिकचा पाला यातलं काही लावू नका. ताजा पाला सहजासहजी पेट घेत नाही. प्लॅस्टिकचा वितळून थेंबाथेंबाने खाली गळतो.

सांगाडा आणि वजन

मंडपवाल्याकडे सव्वा किंवा दीड इंची लोखंडी पाइप असतात. दोन उभे, एक आडवा. गोल कमान हवी असेल तर वाकवून घेतलेला पाइप लागतो, तो आयत्या वेळी मिळत नाही. चौकोनी सांगाडा सोपा, आणि वरचे कोपरे पाल्याने भरले की तोही गोलाकडे झुकतो. बांबूचा सांगाडा दिसायला जास्त देखणा असतो, पण तो उभा करायला खड्डे लागतात. लॉनवाले खणू देत नाहीत, आणि हिरवळीखालून पाण्याचे पाइप गेलेले असतात. त्यामुळे बांबू घेतलात तरी खाली लोखंडी बैठक हवीच.

ही बैठक म्हणजे खरी मेख. प्रत्येक खांबाखाली पुढे-मागे जाणारा, एकूण तीन फूट लांबीचा आडवा पाय असला पाहिजे. किती वजन ठेवायचं याचा हिशेब घरी करता येतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ६ किलो जोर देतो. आठ फूट रुंद आणि साडेआठ फूट उंच कमानीवर फूटभर जाडीचा पाला लावला की वाऱ्यासमोर २५ चौरस फूट, म्हणजे सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग येतो. म्हणजे तेरा-चौदा किलोचा धक्का, तोही पुरुषभर उंचीवर. तीन फुटी पाय असतील तर दोन्ही बाजू मिळून ८० किलो वजन हा धक्का पेलतं. पाय दोनच फुटी असतील तर तेच वजन शंभराच्या वर जातं. पानांमधून थोडा वारा आरपार जातो म्हणून प्रत्यक्षात जोर जरा कमी असतो, पण ती सूट हिशेबात धरू नका. आणि कमानीच्या मागे सलग पडदा लावलात तर हे सगळं गणित विसरा. तो शिडासारखा फुगतो, त्याला मागून स्वतंत्र ताण लागतात.

८० किलो म्हणजे फार काही नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत अर्ध्यापर्यंत रेती भरली की पंचवीस किलोच्या पुढे जाते. अशा चार गोण्या, प्रत्येक पायाच्या पुढच्या आणि मागच्या टोकावर एकेक. रेती नसेल तर २० लिटरचे पाण्याचे भरलेले जार चार. ते लग्नाच्या ठिकाणी असतातच. गोण्या गोणपाटात गुंडाळून पुढे कुंड्या किंवा केळीचे खुंट उभे केले की कोणाच्या लक्षातही येत नाही. केळीचे खुंट तसेही शुभकार्याला लागतातच, त्यांना इथे कामाला लावा.

वाऱ्याची दिशाही बघून घ्या. आपल्या पट्ट्यात दुपारनंतर समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेच्या अंगाने वारा येतो, आणि उन्हाळ्यात तो संध्याकाळपर्यंत टिकतो. पाम बीच रोडची बाजू असो की घोडबंदरची खाडीकडची, मोकळ्या जागेत तो अडत नाही. शक्य असेल तर कमानीचं तोंड पश्चिमेकडे सरळ ठेवू नका, जरा तिरपं घ्या. वधू-वरांची दिशा गुरुजी ठरवतील. कमान आणि त्यांचे पाट एकाच रेषेत असायलाच हवेत असं काही नाही. मे महिन्यातलं लग्न असेल तर वळिवाची तयारी वेगळी. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबई-ठाण्यावर आलेलं धुळीचं वादळ आठवत असेल तर जास्त सांगायला नको. तसं आभाळ भरून आलं तर कुठल्याही गोण्यांवर विसंबू नका. दोघांनी कमान सरळ आडवी पाडून ठेवायची आणि माणसांना छपराखाली न्यायचं. ती आडवी कोण करणार, हे आदल्या दिवशी नावानिशी ठरलेलं असावं.

दिवे: पाल्याच्या आधी

दिव्यांचं महत्त्व मुहूर्तावर आहे. सकाळी साडेअकराचा मुहूर्त असेल आणि रिसेप्शन दुसरीकडे, तर या भागावरचे पैसे वाचवा आणि फुलांना द्या. गोरज मुहूर्त असेल तर मात्र दिवे हेच कमानीचं निम्मं रूप. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेच्या मध्याला सातनंतर. त्या आधीचा-नंतरचा अर्धा तास आकाश अजून निळं असतं आणि दिवे दिसायला लागलेले असतात. फोटोग्राफर याच वेळेसाठी धडपडतात.

माळा घेताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे विजेचा प्रकार. बाजारात सर्वात स्वस्त मिळणारी माळ थेट २३० व्होल्टवर चालते, तिचे दिवे एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि पातळ वायरीवर जागोजागी सांधे असतात. दिवाळीत बाल्कनीच्या आत ती ठीक आहे. ओल्या हिरवळीवर, लोखंडी पाइपाला गुंडाळून, खाली अनवाणी वधू-वर, अशा ठिकाणी ती नकोच. ५, १२ किंवा २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी एलईडी माळ घ्या. तिचा दुसरा फायदा व्हिडिओत कळतो: थेट मेनवरच्या स्वस्त माळा कॅमेऱ्यात फडफडतात, पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. चांगल्या अडॅप्टरच्या माळेत सहसा ते होत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाकिटावर आयपी ४४ असेल तर शिंतोडे चालतात, आयपी ६५ असेल तर पाण्याचा फवाराही. पण हा आकडा बहुतेक वेळा माळेचा असतो, अडॅप्टरचा नाही. अडॅप्टर कोरडाच ठेवायचा. हिवाळ्यात येऊरच्या बाजूला रात्री दव पडतं, गवत नऊ वाजेपर्यंत ओलं होतं, त्यामुळे "पाऊस थोडाच आहे" हे उत्तर पुरत नाही.

तिसरी गोष्ट रंग. वॉर्म व्हाइट मागा, पाकिटावर २७०० ते ३००० केल्विन असं लिहिलेलं. शुभ्र पांढऱ्या दिव्यात हिरवा पाला निळसर आणि आजारी दिसतो, शिवाय तळ्याकाठी किंवा खाडीच्या बाजूला पांढऱ्या-निळ्या उजेडावर किडे जास्त येतात. रंगीबेरंगी माळ गणपतीसाठी राखून ठेवा.

किती माळा? कमानीची एकूण लांबी २५ फूट. माळ तिच्यावर नागमोडी गुंडाळताना तिप्पट लागते, म्हणजे ७५ फूट. दहा मीटरच्या तीन माळा पुरतात. घाऊक खरेदी आणि निवड हवी असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीत जा. एवढ्या तीन-चार माळांसाठी ठाण्या-वाशीतलं इलेक्ट्रिकचं दुकानही चालेल. एक माळ जास्तीची घ्या, आणि सगळ्या घरी किमान एक रात्र सलग पेटवून बघा. नवी माळ बिघडायची असेल तर ती बहुतेक पहिल्या काही तासांतच बिघडते.

आता गुंडाळायची पद्धत. पाइपाला आधी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी, फूटभर रुंदीच्या पट्ट्या कापून, नळीसारखी सैल गुंडाळा आणि बाइंडिंगच्या तारेने आवळा. कापलेली टोकं आत दुमडा, नाहीतर शालू अडकलाच म्हणून समजा. या जाळीवर दोन माळा खालून वर नागमोडी चढवा. तिसरी बाजूला ठेवा, ती पाला लागल्यावर वरवर फिरवायची. आतले दिवे पानांच्या फटींतून झिरपतात आणि कमानीला खोली येते. वरचे मोजके दिवे चमकतात. तिन्ही वरूनच गुंडाळल्या तर समोर दिसते ती वायर. आतल्या माळा पूर्ण पेटवून, दिवे मोजून, मगच पाल्याला हात लावा. एकदा पाला बांधला की मधला बंद दिवा शोधणं म्हणजे सगळं सोडवणं.

वीज कुठून घेणार याची दोन उत्तरं आहेत. मला पॉवर बँक आवडते. पाच व्होल्टची दहा मीटरची माळ साधारण चार वॉट घेते. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेतून अशी एक माळ सहा तासांच्या आसपास चालते. तीन माळांना तीन बँका, पाइपाच्या मागे पिशवीत बांधून टाकल्या, की लॉनवर वायरच नाही. फक्त माळ फारच कमी करंट घेत असेल तर काही पॉवर बँका "फोन चार्ज झाला" असं समजतात आणि स्वतःच बंद होतात. घरी तासभर लावून खात्री करा.

मेनची वीज घ्यायची तर वायरमन लॉनचा किंवा मंडपवाल्याचा घ्या, आपला मावसभाऊ नको. तीन पिनांची, दीड चौरस मिलिमीटरची तीन तारांची केबल, मागच्या बाजूने, येण्याजाण्याच्या वाटेवरून न नेता. त्या बोर्डावर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते विचारा, त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते समोर बघा. एक्स्टेंशनचा सांधा गवतावर पडू द्यायचा नाही. खुर्चीच्या उंचीवर टांगायचा, वरून प्लॅस्टिकचा डबा पालथा घालायचा आणि वायरीला सांध्याच्या आधी खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, सांध्यात शिरत नाही. सकाळी हिरवळीला पाणी मारू नका, असं मॅनेजरला आदल्या दिवशी सांगा. हे फार जण विसरतात.

आणखी एक बारीक गोष्ट. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला की आठ प्रकारे लुकलुकणाऱ्या माळा पुन्हा पहिल्या प्रकारावर येतात. "शुभमंगल सावधान" चालू असताना कमान डोळे मिचकावायला लागते. शक्यतो स्थिरच पेटणारी माळ घ्या. नसेल तर कंट्रोलर पाल्यात गाडू नका. हाताला लागेल असा मागे ठेवा आणि एका भाच्याला त्याची ड्यूटी द्या.

पाला

परदेशी फोटोत जो पाला असतो तो निलगिरीचा किंवा आयव्हीचा. आपल्याकडे त्याहून चांगलं, स्वस्त आणि उन्हाला टिकणारं मिळतं. अशोकाची लांब, कडा लहरदार असलेली पानं तोरणासाठी आपण वापरतोच. ती दोन दिवस तरतरीत राहतात. आंब्याचे डहाळे घ्या, पण जून, गडद पानांचे. तांबूस कोवळी पालवी फोटोत मोहक दिसते आणि दोन तासांत मान टाकते. फुलवाल्यांकडे कामिनी मिळते, बारीक चकचकीत पानांची, ती माळ भरायला उत्तम. अरेका पामची पानं वरच्या कोपऱ्यात पसरायला. मनी प्लांटचे वेल तर घरोघरी असतात. कापूनही ते फार दिवस टिकतात, आणि कमानीवरून खाली सोडायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. शेजारपाजारच्या चार बाल्कन्यांतून गोळा केलेत तरी काम भागेल, आणि लग्नात सोसायटीचा हातभार लागल्याचं समाधान वेगळं.

नेचे आणि कडुनिंब टाळा. नेचे एप्रिल-मेच्या उन्हात तासाभरात करपतात, कडुनिंब लगेच लोळतो. केळीची पानं वाऱ्याने फाटतात. कण्हेर तर घेऊच नका: सगळं झाड विषारी आहे, लहान मुलं पानं ओढतात आणि दुसऱ्या दिवशी टाकलेल्या पाल्याला गाई तोंड लावतात. रुईच्या चिकाचंही तसंच, डोळ्यात गेला तर दवाखाना.

आणि रस्त्यावरच्या झाडाच्या फांद्या रात्री गुपचूप तोडणं? महाराष्ट्रात १९७५ चा नागरी भागातल्या झाडांचा कायदा आहे, फांद्या छाटायलाही महापालिकेची परवानगी लागते. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून तर पानही आणायचं नाही. सोसायटीतली झाडं छाटली जात असतील तर माळीकाकांना सांगून ठेवा, बाकी विकत घ्या.

विकत कुठे? थोडकं हवं असेल तर ठाण्यात जांभळी नाका. पूर्ण कमानीचा माल हवा असेल तर दादरची मीनाताई ठाकरे फूल मंडई, पहाटे जाऊन, नाहीतर कल्याणचा फूलबाजार. दादरहून येताना लोकलच्या मालडब्यात चढा. जेवढी मोळी तेवढी जागा तिथेच मिळते. टेम्पो केला असेल तर उन्हं चढायच्या आत घोडबंदर ओलांडा. गायमुखच्या कोंडीत अडकलेल्या टेम्पोत पाला उकडतो, तो परत उभा राहत नाही. मोठ्या मुहूर्ताच्या तारखेला भाव चढलेला असतो, म्हणून पाला एक दिवस आधी आणा. तो फुलांपेक्षा दमदार असतो.

घरी आणल्यावर प्रत्येक डहाळीचं टोक तिरकं कापा, खालची चार बोटं पानं काढून टाका, आणि बादलीत पाण्यात उभी करा. सावलीत, रात्रभर. आंब्याची पानं पुसून घ्या, त्यांच्यावर धुळीचा थर असतो आणि फ्लॅशमध्ये तो राखाडी दिसतो. सकाळी जे डहाळे मलूल दिसतात ते बिनदिक्कत फेका. रात्रभर पाणी पिऊनही जे उठले नाहीत ते कमानीवर काय टिकणार.

माळ बांधणं

इथे घाई नको. खाली चादर अंथरा, चौघी-पाच जणी बसा, चहा ठेवा. एकीने डहाळ्या वीतभर, म्हणजे नऊ इंचांच्या आसपास लांबीत कापायच्या, दोघींनी जुड्या करायच्या, बाकीच्यांनी बांधायचं.

आधार म्हणून बोटाएवढ्या जाडीचा काथ्याचा दोर घ्या. सुतळी नको. दोराच्या सहा-सहा फुटांच्या चार तुकड्यांना टोकाला फास करा. पाच-सहा डहाळ्यांची एक जुडी: मागे अशोक किंवा आंबा, पुढे कामिनी. ती दोरावर ठेवा आणि हिरव्या बारीक तारेचे दोन वेढे आवळा. तार तोडायची नाही, तीच पुढे न्यायची. दुसरी जुडी पहिलीच्या देठांवर अर्धी येईल अशी ठेवा, कौलं लावतात तशी. पुन्हा दोन वेढे. दर जुडीला जरा डावी-उजवी करत गेलात की माळ भरीव होते. पाठीमागे पानं बांधायची गरज नाही, ती बाजू जाळीला टेकणार आहे.

पानांची टोकं खाली हवीत. म्हणजे खांबाची माळ तळापासून बांधायला घ्यायची आणि वर सरकायचं. दोन्ही बाजूंच्या माळा वर मध्यावर भेटतात, तिथे देठं उघडी पडतात. ती जागा फुलांनी झाकायची, म्हणून मधोमध घोस येतो. मधोमध घोस आवडत नसेल तर एक बाजू जास्त लांब करून घोस कोपऱ्यात आणा. मला तरी तो कोपऱ्यातलाच बरा वाटतो: मध्यावर टांगलेला घोस नेमका नवरदेवाच्या तुऱ्याच्या वर येतो आणि फोटोत तुरा कुठला, फूल कुठलं, कळत नाही.

हे चारी तुकडे झाले की पाणी शिंपडून ओल्या सुती साडीत गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. कमानीवर चढवताना दोघं लागतात, एक घडीच्या शिडीवर, एक खाली. वरून खाली नाही, खालून वर जा. दर फुटावर केबल टाय घाला. आवळताना दिव्याची वायर त्यात चिणली जात नाही ना ते बोटाने चाचपून बघा. मग पाल्यातून आतले दिवे थोडे थोडे बाहेर ओढा, जिथे जास्त गर्दी आहे तिथली पानं वेगळी करा. लांबून बघा. जवळून भरगच्च वाटलेली कमान वीस फुटांवरून टक्कल पडलेली दिसते. त्या जागी सुट्या डहाळ्या जाळीत खोचा. यासाठीच जाळी लावली होती.

फुलं

फुलं कमी घ्या. हिरव्या कमानीला तीन ठिकाणं पुरतात: कोपऱ्यातला मोठा घोस, समोरच्या खांबाच्या कमरेला एक छोटा, आणि तळाशी थोडी पसरट. मोसम बघून घ्या. दसरा-दिवाळीनंतर झेंडू आणि शेवंती, उन्हाळ्यात मोगरा. निशिगंध आणि मोगऱ्याच्या लडी सोडायच्या तर अगदी शेवटी; कळ्या पांढऱ्या असतात तोवर सुंदर, पिवळ्या पडल्या की सगळी कमान शिळी वाटते. अबोली मात्र टिकते, वास नसला तरी. जिप्सी वाळली तरी तशीच दिसते, ऑर्किड उन्हाला धीराने तोंड देतात. गुलाब उघड्यावर, दुपारच्या उन्हात, माझ्या मते वाया.

देठाला ओल्या कापसाचा बोळा आणि त्यावर टेप, मग पाल्यात खोचायचं. फुलं खोचायचा फोम वापरणारे वापरतात. एका संध्याकाळसाठी मला गरज दिसत नाही.

नावांची अक्षरं थर्माकोलची करून कमानीवर लावायची पद्धत अजून आहे. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पुठ्ठ्याची किंवा प्लायची कापून घ्या, आणि कमानीवर न लावता बाजूला पाटीवर लावा.

लग्नाच्या दिवसाचं वेळापत्रक

साडेसहाचा गोरज मुहूर्त धरून सांगते. सांगाडा, गोण्या, जाळी आणि आतल्या माळा आदल्या रात्रीच व्हायला हव्यात. लॉनवाले आदल्या रात्री ताबा देत नसतील तर सकाळी पहिलं काम हे, देवक बसवण्याच्या गडबडीतही. पाला दुपारी एकनंतर चढवा. त्याआधी चढवलात तर तो दिवसाचं सगळं ऊन खातो. साडेतीनला वरची तिसरी माळ, साडेचारला फुलं आणि पाण्याचा बारीक फवारा, तोही वीज बंद असताना. पाच वाजता कमानीला हाताने जोरात धक्का देऊन बघा. हलली तरी चालेल, पाय उचलला गेला तर आणखी गोण्या. साडेपाचला दिवे चालू करून फोटोग्राफरला बोलवा.

त्याला एक गोष्ट नक्की विचारा: चेहऱ्यावर उजेड कुठून? कमानीतले बारीक दिवे चेहरा उजळत नाहीत, ते फक्त मागे चमकतात. दोन मऊ पांढरे एलईडी, वधू-वरांपासून दहा-बारा फुटांवर, दोन्ही बाजूंनी तिरपे, डोक्याच्या वरच्या उंचीवर. डीजेवाल्याचे रंगीत झोताचे दिवे (पार लाइट) कमानीवर पडू देऊ नका. जांभळ्या उजेडात पाला काळा होतो आणि हळदीच्या अंगाला निळी झाक येते. खांबाच्या पायाशी एकेक वॉर्म दिवा वर तोंड करून ठेवला तर मात्र पाल्याचा पोत छान उठतो. हॅलोजन नको, त्याच्या धगीने खालची पानं तासाभरात भाजतात.

आवराआवर

रात्री अकराला सगळे थकलेले असतात आणि लॉनवाल्याची माणसं कटर घेऊन उभी असतात. त्यांच्या हाती गेलं की माळा तुकड्यांत निघतात. म्हणून दिवे काढायला घरचीच दोन माणसं आधी. वीज बंद, तिसरी माळ आधी सोडवायची, मग केबल टाय कापायचे, पाला उतरवायचा आणि शेवटी आतल्या माळा. प्रत्येक माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा, दुसऱ्या दिवशी वाळवून ठेवा. पूजेला, बारशाला निघते.

पाल्यातून तार आणि टाय वेचून काढल्याशिवाय तो कचऱ्यात देऊ नका. तार पोटात गेली तर गुरं मरतात. काथ्याचा दोर, पाला आणि फुलं एकत्र ओल्या कचऱ्यात, किंवा सोसायटीत खताचा खड्डा असेल तर थेट तिथे. गोण्यांमधली रेती सोसायटीच्या माळ्याला द्या, आणि पाण्याचे जार केटररला परत गेले की नाही ते मोजून बघा. डिपॉझिट जारांवर अडकलेलं असतं.